कोर्टाने लावलेला 'दारू पिऊन गाडी'चा क्लास : तिथे नेमकं काय होतं? (कॅलिफोर्निया आणि इतरत्र)

पाणंद (धागाकर्ता)

नमस्कार. मी इथे वाचतो खूप, लिहितो क्वचित. हा धागा काढावा की नाही यात बरेच दिवस गेले. शेवटी काढतोय, कारण मला गरज होती तेव्हा मराठीत यावर एक ओळही सापडली नव्हती आणि ओळखीत कुणाला विचारायची लाज वाटत होती.

मागच्या दिवाळीत फ्रीमाँटहून सॅन होजेला घरी येताना पोलिसांनी गाडी थांबवली. हेडलाइट लावायचे राहिले होते. मित्राकडे पार्टी होती, तीन तासांत 'दोन-अडीच' पेग झाले होते, पोटभर जेवलो होतो आणि मी ठीक आहे असं मला खरोखर वाटत होतं. पोलिसानं टॉर्च आधी मागच्या सीटवर मारला. तिथे मुलीची कार सीट होती, रिकामी. बायको आणि मुलगी तेव्हा भारतात होत्या. तो उजेड त्या सीटवर दोन-तीन सेकंद तसाच थांबला, ते मी अजून विसरलेलो नाही. गाडीत मूल असतं तर शिक्षा वाढते, हे नंतर वकिलाकडून कळलं. चाचणीत रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा आला ०.१२. कॅलिफोर्नियात मर्यादा ०.०८ आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. कोर्ट आणि डीएमव्ही (म्हणजे इथलं लायसन्स देणारं खातं) ही दोन स्वतंत्र प्रकरणं चालतात. पोलिस लायसन्स काढून घेतात आणि गुलाबी कागद देतात, तोच ३० दिवसांचा तात्पुरता परवाना. डीएमव्हीकडे सुनावणी मागायची तर अटकेपासून फक्त १० दिवस मिळतात. मी धक्क्यात होतो, त्यातले सहा दिवस नुसते बसून घालवले. तुमच्यावर वेळ आलीच तर तेवढं करू नका.

कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड, तीन वर्षांचं प्रोबेशन आणि तीन महिन्यांचा क्लास. पहिलाच गुन्हा असेल आणि आकडा ०.२०च्या खाली असेल तर साधारणपणे हा ३० तासांचा कार्यक्रम लागतो. ०.२० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा चाचणीलाच नकार दिला असेल, तर नऊ महिन्यांचा, ६० तासांचा. दुसऱ्यांदा पकडलं गेलं तर १८ महिन्यांचा. गुन्हा सौम्य करून 'वेट रेकलेस'वर (म्हणजे दारूचा संबंध असलेल्या बेदरकार चालवण्यावर) आला तर १२ तासांचाही असतो.

कबुलीच्या वेळी एका कागदावर सही घेतात, त्याला वॉटसन म्हणतात. १९८१च्या एका खटल्यावरून ते नाव पडलं. अर्थ असा की दारू पिऊन गाडी चालवणं माणसाच्या जिवावर उठू शकतं हे मला सांगितलेलं आहे, आणि यापुढे मी तसं केलं आणि कुणी मेलं तर माझ्यावर खुनाचा खटला भरता येईल. बाकीच्या कागदांवर मी वकिलानं बोट ठेवलं तिथे सह्या केल्या. हा मात्र दोनदा वाचला.

आता क्लास. माझ्या डोक्यात होतं की एखादा व्हिडिओ दाखवतील, शेवटी परीक्षा आणि सुटका. तसं नाही. एका दुकानांच्या ओळीत वरच्या मजल्यावर खोली, गोलात मांडलेल्या खुर्च्या, दारात हजेरीचा कागद, फोन बंद. पहिल्या दिवशी नावनोंदणी आणि लांबलचक मुलाखत: कधीपासून पिता, किती, घरात आणखी कुणी पितं का, झोप कशी आहे, यापूर्वी काही झालं होतं का. मग दर आठवड्याला वर्ग. काही तास शिकवणीचे, काही गटचर्चेचे, आणि अधूनमधून समुपदेशक बाईंशी १५-१५ मिनिटं एकट्यानं बोलायचं. आमच्या कार्यक्रमात बाहेरच्या मदतगटाच्या काही बैठकांना जाऊन सही आणणंही होतं.

वेळेच्या बाबतीत फार कडक. दार बंद झालं की झालं, तो दिवस गैरहजेरीत धरतात आणि पुन्हा भरून काढावा लागतो. गैरहजेरी ठरावीक संख्येच्या वर गेली की नाव काढून कोर्टाला कळवतात. सुरुवातीला लायसन्स नाही, त्यामुळे बसनं जायचं. मी पाऊण तास आधी पोचायचो. दारूचा वास आला तर बसू देत नाहीत आणि तेही कळवतात.

आमच्या गटात छपरं घालणारा एक कामगार, एक नर्स, एक कॉलेजचा मुलगा, एक निवृत्त शिक्षक, आणि मी. पहिल्या दिवशी मी मनात म्हणालो होतो की मी यांच्यातला नाही. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी प्रत्येकासमोर एक साधा काचेचा ग्लास ठेवला, पाण्याचा जग दिला आणि म्हणाल्या, घरी जितकी ओतता तितकी ओता. बर्फ असतो असं धरून. मी ओतली. मग त्यांनी प्रत्येकाचं पाणी मोजपात्रात घेतलं. माझं भरलं १०० मिली. अमेरिकेत ज्याला एक ड्रिंक म्हणतात ते ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचं ४४ मिली असतं. मी पोलिसाला 'दोन' सांगितलं होतं, बायकोला 'दोन' सांगितलं होतं आणि वकिलालाही 'दोन' सांगितलं होतं. मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं वाटत होतं. त्या मोजपात्रातल्या पाण्याकडे बघताना मला घाम फुटला, कारण हा हिशेब मी गेली बारा वर्षं असाच करत आलो होतो. भारतातही, इथेही, मुलगी गाडीत असतानाही.

याशिवाय एका संध्याकाळी पीडितांच्या कुटुंबीयांची सभा असते. 'मॅड' या संस्थेचं नाव ऐकलं असेल. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध उभी राहिलेली आयांची संघटना, १९८०मध्ये इथेच कॅलिफोर्नियात कँडेस लाइटनर यांनी सुरू केली. त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीला, कॅरीला, अशाच एका चालकानं उडवलं होतं. त्या सभेत कुणी आपल्याला ओरडत नाही. समोर येतात, आपली गोष्ट सांगतात आणि जाऊन बसतात. एका वडिलांनी सांगितलं की मुलगा गेल्यावर चार महिन्यांनी दातांच्या दवाखान्यातून फोन आला, सहामाही तपासणीची वेळ घ्यायची म्हणून. 'तो आता नाही' असं फोनवर म्हणवेना, म्हणून त्यांनी मंगळवारी चारची वेळ घेतली. आणि मंगळवारी चार वाजता तिथे जाऊन बसले.

गेल्या आठवड्यात माझा क्लास संपला. पूर्ण केल्याचा दाखला संस्थाच डीएमव्हीला पाठवते, तरी आपली प्रत मागून घ्या. नाव न सांगता लिहितोय, त्याबद्दल समजून घ्या. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.

अनुस्वार

हे लिहायला किती जड गेलं असेल ते कळतंय. धन्यवाद. ग्लासाचा प्रयोग वाचून उठले आणि घरातला ग्लास घेऊन पाणी मोजलं. वाइनचा ग्लास होता. २३० मिली. एक ड्रिंक किती असतं?

पाणंद (धागाकर्ता)

@अनुस्वार, १२ टक्क्यांची वाइन असेल तर साधारण १५० मिली. म्हणजे तुमचा एक ग्लास दीड ड्रिंकचा. बिअर ५ टक्क्यांची ३५५ मिली, म्हणजे नेहमीचा कॅन. पण इथल्या आयपीए बिअर ७-८ टक्क्यांच्या असतात आणि मोठ्या ग्लासात येतात, तिथे 'एक बिअर' म्हणजे दोन ड्रिंक सहज होतात.

बाराखडी_डॉक्टर

मी भूलतज्ज्ञ आहे, नाशिकला. धागाकर्त्यांचा हिशेब मांडून दाखवतो, कारण हा हिशेब सगळ्यांनी एकदा तरी करून बघावा असं मला कळकळीनं वाटतं.

१०० मिली व्हिस्की, ४० टक्के. म्हणजे ४० मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ३२ ग्रॅम. अमेरिकेतलं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. त्यांचे 'अडीच' ग्लास म्हणजे साडेपाच ड्रिंक. ७०-७२ किलोच्या पुरुषात त्यानं रक्तातली पातळी ०.१६च्या आसपास जाते. शरीर तासाला साधारण ०.०१५ एवढंच काढून टाकतं. तीन तासांत ०.०४५ कमी झालं. उरलं ०.१२ च्या जवळपास. मशीननं तेच दाखवलं.

यकृताचा वेग वाढवता येत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, भरपेट जेवण, यातल्या कशानंही नाही. प्यायच्या आधी जेवलं तर अल्कोहोल रक्तात हळू उतरतं एवढंच. कॉफी घेतलेला माणूस जागा असतो, पण त्याची पातळी तीच असते.

आणि एक गोष्ट जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. रात्री एक वाजता ०.१२ असेल तर शून्यावर यायला आठ तास लागतात. म्हणजे सकाळी सातला मुलाला शाळेत सोडायला निघालेला बाप अजून ०.०३वर असतो. भारतात कायद्यानं तो गुन्हेगार ठरण्याच्या काठावर आहे, कारण आपली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजेच ०.०३. आपल्याकडचा एक लार्ज पेग, ६० मिली, ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला पुरेसा आहे.

'मला चढत नाही' हे वाक्य मी अपघात विभागात फार ऐकलंय. सवयीच्या माणसाचं बोलणं-चालणं सरळ राहतं, पण समोरून काही अचानक आलं तर ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ लांबतोच. आणि आपण ठीक आहोत की नाही हे ठरवणारी बुद्धीच सगळ्यात आधी मंदावते.

रानवाटा७७

धाग्याचा विषय चांगला आहे, पण एक मनापासून विचारतो. तीन महिने खुर्चीत बसून माणूस बदलतो का? कोल्हापुरात माझ्या चुलतभावाला दोनदा पकडलं, दोन्ही वेळा दंड भरला आणि तिसऱ्या वेळी झाडावर गाडी घातली. वाचला, पण पाय गेला. दंडानं बदलला नाही, तर क्लासनं बदलला असता का?

पाणंद (धागाकर्ता)

@रानवाटा७७, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. प्रामाणिक उत्तर देतो. आमच्या गटातला एकजण मधेच पिऊन आला आणि त्याचं नाव काढलं. म्हणजे क्लास सगळ्यांना बदलतो असं मी म्हणणार नाही.

पण दंड भरताना मला कुणी काही विचारलं नाही. कार्ड दिलं, पावती घेतली. क्लासमध्ये मला दर आठवड्याला कुणीतरी नाव घेऊन विचारत होतं की या आठवड्यात किती, कुठे, त्यानंतर घरी कसे गेलात. पहिले तीन-चार आठवडे मी गुळगुळीत उत्तरं दिली. मग ते जमेना. तेरा अनोळखी माणसं आपल्याकडे बघत असताना आणि ती स्वतः खरं बोलत असताना आपल्याला खोटं बोलवत नाही. माझ्यात काही फरक पडला असेल तर त्यामुळे.

कंदीलवाली

लिहू की नको करत होते. माझ्या नवऱ्याचा क्लास पुढच्या महिन्यात सुरू होतोय. आम्हीही बे एरियातच. तो घरात याबद्दल एक शब्द बोलत नाही. सासूसासऱ्यांना सांगायचं नाही, मित्रांना सांगायचं नाही, मीच रोज ऑफिसला सोडते आणि आणते आणि सगळ्यांना सांगते की गाडी दुरुस्तीला आहे. चार महिने गाडी दुरुस्तीला. मला राग येतो आणि मग त्याचा चेहरा बघून पोटात तुटतं. क्लासमध्ये घरच्यांना बोलावतात का? मी काय करू?

पाणंद (धागाकर्ता)

ताई, आधी हे सांगतो की तुमचा राग योग्य आहे. तो गिळू नका.

आमच्याकडे घरच्यांना यायची सक्ती नव्हती, पण समुपदेशक बाईंनी एका भेटीत विचारलं होतं की बायकोला आणायचंय का. आम्ही दोघं गेलो. त्या पंधरा मिनिटांत माझ्या बायकोनं जे सांगितलं ते मला दहा वर्षांत माहीत नव्हतं. पार्टी असली की ती संध्याकाळभर माझा ग्लास मोजत बसायची. गप्पा मारताना, मुलीला भरवताना, प्रत्येक वेळी नजर माझ्या हातावर. तिनं कधी पार्टीचा आनंद घेतलाच नव्हता. त्यांना विचारा, बहुतेक हो म्हणतील.

आणि गाडी दुरुस्तीला आहे हे सांगायची जबाबदारी तुमची नाही. मी शेवटी माझ्या वडिलांना फोनवर स्वतः सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुणाला लागलं नाही ना?" एवढंच. मी चार महिने ज्या फोनला घाबरत होतो तो चार मिनिटांत झाला.

अवनी_पुणे

@कंदीलवाली, अगदी मनापासून लिहिते. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही पुण्यात मुक्तांगणला गेलो होतो. १९८६पासून आहे, डॉ. अनिता अवचट यांनी उभं केलेलं. तिथे ३५ दिवस राहून उपचार असतात आणि घरच्यांशीही बोलतात. मला तेव्हा कळलं की घरातलं बोलणं बंद होणं हाही आजाराचाच भाग आहे. तुमच्या मिस्टरांना व्यसन आहे की एक चूक झाली, ते मला माहीत नाही आणि ते तपासायला तुमच्या तिकडे माणसं आहेत. पण तुम्ही स्वतःसाठी कुणाशी तरी बोला. दारुड्यांच्या घरच्यांसाठी 'अल-अनॉन' नावाचे मदतगट जगभर आहेत, पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही.

शिक्कामोर्तब

व्हिसावर असणाऱ्यांसाठी लिहितो, कारण हे फार जणांना उशिरा कळतं. मी वकील नाही, पण ओळखीतल्या दोघांबरोबर या सगळ्यातून गेलोय.

नोव्हेंबर २०१५पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं धोरण असं आहे की गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली असेल तरी पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करता येतो. गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघत नाहीत. एक दिवस दूतावासाकडून ईमेल येतो. घाबरून जाऊ नका, त्यानं तुमचं इथे राहणं लगेच बेकायदा होत नाही. एच-१बीची नोकरी चालू राहते. पण देशाबाहेर पाऊल टाकलंत की परत येण्यासाठी नवा व्हिसा लागतो, आणि तेव्हा ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणीला पाठवतात. त्यात आठवडे जाऊ शकतात. लग्नासाठी दोन आठवड्यांची सुट्टी काढून गेलेला माझा मित्र अडीच महिने ठाण्यात अडकला होता.

अर्जात 'कधी अटक झाली आहे का' या प्रश्नाला हो असंच लिहायचं. केस नंतर मिटली, निकाली निघाली, तरी हो. लपवलेलं सापडलं तर ते मूळ गुन्ह्याहून महागात पडतं.

ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीतही हे विचारतात. तिथे क्लासचा दाखला जवळ असणं फार उपयोगी पडतं. नागरिकत्वाच्या बाबतीत २०१९च्या एका निर्णयानंतर ठरावीक काळात असे दोन गुन्हे सिद्ध झाले असतील तर चांगल्या वर्तनाचा मुद्दा तुमच्या विरोधात धरून चालतात.

आणि कबुली देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, नंतर नाही. कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे का हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१०मध्येच सांगितलंय. तुमच्या वकिलाला स्पष्ट विचारा.

हडसनकाठ

न्यू जर्सीचं सांगते. इथे हा फौजदारी गुन्हा धरत नाहीत, वाहतुकीचा धरतात, पण त्यामुळे सोपं जातं असं नाही. पहिल्या वेळी कौंटीच्या केंद्रात दोन दिवस, रोज सहा तास. माझ्या भावानं केलं. तिथे तपासणीही होते आणि गरज वाटली तर पुढे उपचाराला पाठवतात, म्हणजे १२ तासांत संपेलच असं धरून चालू नका. त्याला १६ आठवड्यांचं पुढचं लागलं. तो चिडला होता, पण गेला.

थेम्सकाठचा_भाऊ

इंग्लंडमध्ये पद्धत निराळी आहे. किमान १२ महिने गाडी बंद होतेच. मॅजिस्ट्रेट तेव्हाच विचारतात, पुनर्वसनाचा कोर्स करणार का. हो म्हणणं आपल्यावर असतं. केला तर बंदी साधारण पाव हिश्शानं कमी होते, म्हणजे १२ महिन्यांचे नऊ. किमान १६ तास, तीन दिवसांत वाटलेले, आणि ठरलेल्या तारखेच्या आत संपवायचा. पैसे आपणच भरायचे.

मी २०१७ मध्ये केला. कोर्टात 'हो' म्हणालो ते फक्त तीन महिन्यांसाठी. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यानं प्रत्येकाला अटकेच्या आदल्या चोवीस तासांचा तक्ता भरायला सांगितला: कुठे होतो, काय प्यालो, घरी जायचं कसं ते केव्हा ठरवलं. शेवटच्या रकान्यात आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर होतं: प्यायल्यानंतर. तेव्हापासून माझा एकच नियम आहे. घरी कसं जायचं ते घरून निघायच्या आधी ठरतं, आणि पिणार असेन तर गाडीची किल्ली घरात राहते.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथली मर्यादा डिसेंबर २०१४पासून इंग्लंडपेक्षा कमी आहे, ८० ऐवजी ५० मिलिग्रॅम.

अवनी_पुणे

क्लासबद्दल वाचताना सारखं मे २०२४ आठवतंय. कल्याणीनगर. त्या अपघातात दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. पुण्यात आम्ही सगळे किती संतापलो होतो. त्याच अटींमध्ये समुपदेशनही होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि दोन जीव गेल्यावर ते कुणाला पुरेसं वाटणंही शक्य नव्हतं.

मला म्हणायचंय ते हे, की आपल्याकडे समुपदेशनाचा विचारच अशा वेळी होतो, सगळं होऊन गेल्यावर. कुणी मेलेलं नसताना, नुसतं नाकाबंदीत सापडल्यावर, पहिल्याच वेळी ३० तास बसवायला हवं. २०१९पासून पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. व्यवहारात लोक दंड भरतात आणि सुटतात. @रानवाटा७७ यांच्या भावाला पहिल्या वेळी कुणी असं समोर बसवून ग्लास मोजायला लावला असता तर?

रानवाटा७७

@अवनी_पुणे, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. त्याला कुणी कधी विचारलंच नाही, हे खरं आहे. आम्ही घरच्यांनीही नाही. आम्ही दंडाचे पैसे दिले. आज रात्री त्याला फोन करतो.

गच्चीतलं_ऊन

एक व्यावहारिक प्रश्न. हा क्लास ऑनलाइन होतो का? जाहिराती खूप दिसतात, 'आठ तासांत प्रमाणपत्र' वगैरे.

पाणंद (धागाकर्ता)

@गच्चीतलं_ऊन, त्या जाहिरातींत पैसे घालू नका. कॅलिफोर्नियात राज्याच्या आरोग्यसेवा विभागाचा परवाना असलेल्या संस्थेचाच कार्यक्रम कोर्ट आणि डीएमव्ही धरतात. परवानाधारक संस्थांची जिल्हावार यादी विभागाच्या संकेतस्थळावर असते. आमच्या गटातल्या कॉलेजच्या मुलानं आधी दुसरीकडे दोनशे डॉलर भरले होते, ते गेले आणि मुदतही जवळ आली. काही परवानाधारक संस्था व्हिडिओवरून वर्ग घेतात, ते संस्थेलाच विचारा.

खर्चाचंही लिहितो. फी काही शे डॉलर असते. उत्पन्न कमी असेल तर ऐपत बघून हप्ते किंवा सवलत मागता येते, पण आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. फी हा खर्चाचा छोटा भाग. दंडावर शुल्कं चढत जातात, वकील, गाडी सोडवणं, एसआर-२२चा (डीएमव्हीला पुरावा द्यावा लागतो तो) विमा, आणि कॅलिफोर्नियात चांगल्या चालकाची विम्यातली सवलत दहा वर्षं जाते.

नाव नोंदवलं की लगेच नोंदणीचा दाखला डीएमव्हीला जाईल हे बघा, मर्यादित परवान्यासाठी तो लागतो. मला तेव्हा दोन पर्याय होते: फक्त काम आणि क्लाससाठीचा परवाना, किंवा गाडीत श्वास तपासणारं यंत्र बसवून कुठेही जाणं. मी यंत्र घेतलं. मुलगी विचारते, बाबा, तू गाडीला फुंकर का मारतोस? ती पाच वर्षांची आहे. मी तिला खरं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत.

कंदीलवाली

परत आले. काल रात्री त्याला हा धागा वाचायला दिला. काही बोलला नाही. सकाळी उठून स्वयंपाकघरात ग्लासात पाणी ओतत होता आणि माझं मोजायचं भांडं शोधत होता. मी दिलं.

दुपारचा_चहा

मी इथे नवीनच सदस्य झालोय, फक्त हे विचारायला. उद्या माझा पहिला दिवस आहे. सनीव्हेल. झोप येत नाहीये. काय काय घेऊन जायचं? इंग्रजी बोलायची भीती वाटते, विशेषतः गटात. हसतील का?

पाणंद (धागाकर्ता)

@दुपारचा_चहा, कुणी हसणार नाही. आमच्या गटात दोघांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं, आणि सगळ्यात शांतपणे ऐकलं गेलं ते त्यांचंच. पहिल्या दिवशी फारसं बोलावंही लागत नाही, कागदपत्रंच जास्त असतात.

फोटो असलेलं ओळखपत्र, कोर्टाचा आदेश, केस नंबर आणि डीएमव्हीचं काही पत्र आलं असेल तर ते. फीसाठी कार्ड, आणि सवलत मागणार असाल तर पगाराच्या पावत्या. पाण्याची बाटली. आज रात्री काहीही घेऊ नका, झोप येण्यासाठीसुद्धा नाही. डॉक्टरांनी वर सकाळचा हिशेब लिहिलाय.

बसनं जाणार असाल तर एक बस आधीची धरा. मुलाखतीत कितीचा प्रश्न येईल तेव्हा आकडा सांगायची घाई करू नका, आधी ग्लास केवढा होता ते सांगा.

आणि सोडायला कुणी नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी सनीव्हेलपासून वीस मिनिटांवर आहे, उद्या संध्याकाळी मोकळा आहे. गाडी सुरू करायला यंत्रात फुंकावं लागतं, तेवढा एक मिनिट थांबावं लागेल.